कोर ३ एकटाच का तापतो: एका ८७००के च्या प्रकल्प नोंदी

३ एप्रिल २०२४, बुधवार

मशीन इंदुरातल्या रामबागेतल्या एका व्हिडिओ स्टुडिओचं. प्रोसेसर इंटेल कोअर आय७-८७००के, सहा कोर, बारा थ्रेड. झेड३७० मदरबोर्ड, डीडीआर४ च्या १६ जीबीच्या दोन पट्ट्या ३२०० वर, दोन टॉवरचा एअर कूलर, त्याला १२० मिमीचे दोन पंखे. कॅबिनेटला पुढून दोन पंखे हवा आत घेणारे, मागे एक बाहेर टाकणारा. घड्याळ (क्लॉक, म्हणजे प्रोसेसरचा वेग) सगळ्या कोरांवर ४.८ गिगाहर्ट्झला बांधलेलं; कंपनीच्या सेटिंगला सहाही कोर एकदम राबतात तेव्हा ते ४.३ असतं.

तक्रार: लांब एक्स्पोर्ट अर्ध्यावर मंदावतो. एचडब्ल्यूइन्फो या तापमान-व्होल्टेज दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरात थर्मल थ्रॉटलिंगच्या (तापल्यामुळे वेग आपोआप उतरण्याच्या) रकान्यात कोर ३ समोर ‘हो’, बाकीच्या पाचांसमोर ‘नाही’.

या प्रोसेसरात सगळ्या कोरांचं घड्याळ एकच आहे. एक कोर १०० अंशाला टेकला की सहाही मंदावतात. सरासरी कितीही चांगली असो, मशीनचा वेग सगळ्यात गरम कोर ठरवतो. म्हणून सरासरी खाली आणण्याआधी कोरांमधला फरक कमी करायचा, हे या कामाचं उद्दिष्ट.

पुढची जाळी काढली तर गुलाल. रंगपंचमीची गेर (गुलाल उधळणारी मिरवणूक) ३० मार्चला झाली, तेव्हापासून जाळी झटकलेली नव्हती. ब्रशनं आणि ब्लोअरनं साफ केली. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटानं धरून ठेवायचं, नाहीतर पंखा बेफाम फिरून बेअरिंग जातं. साफ केल्यावर सगळे कोर जवळपास ३ अंशांनी उतरले, फरक होता तिथेच. धूळ सगळ्यांना सारखीच छळते, तेव्हा असमानतेचं कारण ती नव्हे. इंदूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर आहे, इथली हवा पाच-सहा टक्के विरळ. तेही सहाही कोरांना सारखंच लागू.

४ एप्रिल, गुरुवार

मोजमापाची पद्धत आधी पक्की केली. पद्धत बदलत राहिली तर पुढचे आकडे एकमेकांशी जुळवता येत नाहीत.

पंख्यांचा कर्व्ह (तापमानानुसार वेग बदलणारं सेटिंग) बंद, सगळे मिनिटाला १२०० फेऱ्यांवर बांधले. व्होल्टेज ऑटोवरून काढून मॅन्युअलवर, भाराखाली १.२९६ व्होल्ट. मदरबोर्डची चिप १६ मिलिव्होल्टच्या पायऱ्यांनी वाचते, त्यामुळे १.२९६ आणि १.३१२ यांच्या मधला आकडा दिसतच नाही. पॉवर लिमिट ९५ वॅटवरून उठवली. नाहीतर प्रोसेसर स्वतःच घड्याळ उतरवतो आणि आपण कूलरची परीक्षा घेतोय असं वाटत राहतं.

भार: प्राइम९५ हा प्रोसेसर पूर्ण राबवणारा प्रोग्राम, त्यातली स्मॉल एफएफटी ही चाचणी, टॉर्चर टेस्टच्या खिडकीतच एव्हीएक्स (प्रोसेसरला जास्त तापवणाऱ्या जड गणिती सूचना) बंद. सिनेबेंच, म्हणजे चित्र रेंडर करून वेग मोजणारा प्रोग्राम, या कामाला घेतला नाही, कारण चित्राचे तुकडे संपताना काही थ्रेड क्षणभर रिकामे राहतात आणि कोरांवरचा भार एकसारखा राहत नाही. असमानता मोजायची तर आधी भार समान हवा. पहिली दहा मिनिटं सोडून द्यायची, मग एचडब्ल्यूइन्फोचं रीसेटचं बटण दाबून पुढच्या दहा मिनिटांची सरासरी घ्यायची. ‘कमाल’चा रकाना बघायचा नाही, तिथे एका क्षणाची उसळी कायमची बसते.

खोलीचं तापमान कूलरच्या पुढच्या पंख्यासमोर टांगलेल्या थर्मामीटरनं. माळव्यात एप्रिलची दुपार आणि रात्र यांत दहा-बारा अंशांचं अंतर सहज पडतं. म्हणून यापुढे सगळे आकडे खोलीचं तापमान वजा करून लिहिलेत.

आजची पायारेषा, खोली ३२ अंश, पॅकेज पॉवर १३८ वॅट. कोर ० ते ५ अनुक्रमे: ४९, ५४, ५१, ६२, ५३, ४८. फरक १४.

प्रत्यक्षात कोर ३ म्हणजे ९४ अंश. एव्हीएक्स चालू झालं की तो शंभराला का टेकतो, ते इथेच कळतं.

५ एप्रिल, शुक्रवार

आधी संशय सेन्सरवर. प्रत्येक कोरातला डिजिटल सेन्सर खरं तर तापमान सांगत नाही. कमाल मर्यादेपासून, म्हणजे इथे १०० अंशांपासून, तो किती खाली आहे ते सांगतो. मर्यादेजवळ तो भरवशाचा, खाली जाईल तसा ढिला. मशीन नुसतं चालू असताना एक कोर २९ आणि दुसरा ३४ दाखवत असेल तर त्यावरून काहीच ठरवू नये. रिकाम्या मशीनचे आकडे पाहून कूलर उघडणारे बरेच भेटतात. ती मेहनत फुकट.

सेन्सरची चूक आणि उष्णतेची खरी अडचण वेगळी काढायची एक सरळ युक्ती आहे: वॅट बदलून बघायचे. चुकीचा सेन्सर साधारण ठरावीक अंशांनी चुकतो, भार अर्धा केला म्हणून त्याची चूक अर्धी होत नाही. उष्णतेच्या वाटेतला अडथळा मात्र वॅटच्या प्रमाणात वाढतो नि घटतो.

घड्याळ ३.६ गिगाहर्ट्झ, व्होल्टेज १.०० ला आणलं. बाकी सगळं तेच. पॅकेज ६२ वॅट. कोर ० ते ५: २२, २४, २३, २८, २४, २२. फरक ६.

१३८ भागिले ६२ म्हणजे २.२. फरकाचं गुणोत्तर, १४ भागिले ६, म्हणजे २.३. एवढ्या जवळ आल्यावर सेन्सरला दोष देण्यात अर्थ नाही. कोर ३ च्या वाटेत खरोखर अडथळा आहे.

दुसरा संशय शेजाऱ्यांवर. या डायवर (झाकणाखालच्या प्रत्यक्ष चिपवर) सहा कोर तीन-तीनच्या दोन रांगांत बसलेत. एका टोकाला ग्राफिक्सचा भाग, दुसऱ्या टोकाला मेमरी कंट्रोलर वगैरे. मधल्या कोरांना दोन्हीकडून आच लागते, ते चार-पाच अंश वर असणं साहजिक. सॉफ्टवेअरमधला क्रमांक आणि डायवरची जागा जुळेलच असं नसतं, त्यामुळे ‘कोर ३ मधलाच असणार’ असा अंदाज बांधू नये. त्याऐवजी एकेका कोरावर एकट्याचा भार टाकून पाहिलं: प्राइम९५ चा एकच वर्कर, टास्क मॅनेजरच्या डिटेल्समध्ये जाऊन अ‍ॅफिनिटी एका कोराच्या दोन थ्रेडना बांधलेली. शेजारी थंड असतानाही कोर ३ बाकीच्यांपेक्षा ६ अंश वर. शेजारी सुटले.

व्होल्टेजही सुटलं. या पिढीत सगळ्या कोरांना एकाच वाहिनीतून व्होल्टेज मिळतं, एकाला जास्त आणि दुसऱ्याला कमी असं होत नाही.

६ एप्रिल, शनिवार

कूलर उतरवला. आधी दहा मिनिटं भार देऊन थर्मल पेस्ट (प्रोसेसर आणि कूलर यांच्यामधला उष्णता वाहणारा लेप) ऊन करून घेतली, मग कूलर डावी-उजवीकडे हलका फिरवत सोडवला. सरळ वर ओढायचा नाही.

ठसा पाहण्यासारखा होता. एका कडेला पेस्ट जाड, दुसऱ्या कडेला जवळजवळ पारदर्शक. चारही स्क्रू एकामागून एक पूर्ण आवळले की असाच ठसा उमटतो: पहिला स्क्रू कूलरला आपल्याकडे ओढून घेतो आणि पेस्ट समोरच्या कडेला साचते. ९९ टक्क्यांच्या आयसोप्रोपिल अल्कोहोलनं दोन्ही पृष्ठभाग पुसले. प्रोसेसरच्या धातूच्या झाकणावर, म्हणजे आयएचएसवर, स्टीलची फूटपट्टी उभी धरून मागून टॉर्च मारला. मधे अगदी बारीक उजेड, म्हणजे झाकण किंचित खोलगट. इतकं चालतं. घासून सपाट करण्याच्या भरीस पडायचं कारण नाही.

सिल्व्हर मॉलमधून आणलेली साधी, वीज न वाहणारी पेस्ट, सुमारे ०.१५ मिली, मधोमध. चारही स्क्रू दोन-दोन वेढे हातानं पकडवले, मग पेचकसनं तिरके तिरके, एका वेळी पाव वेढा. स्प्रिंगवाला स्क्रू आपसूक थांबला की थांबायचं. स्कायलेक या इंटेलच्या पिढीपासून प्रोसेसरची पाटी (डाय जिच्यावर बसते ती) पूर्वीपेक्षा पातळ झाली आहे. ताकद लावून आवळलं तर वाकते ती पाटी, सपाट होत नाही झाकण.

निकाल: ४६, ५०, ४८, ५९, ५०, ४५. सगळे तीन-चार अंशांनी उतरले, फरक पुन्हा १४.

मग या सगळ्या कामातली सगळ्यात उपयोगी चाचणी. कूलर १८० अंशांत फिरवून बसवला, पंखेही उलटवले म्हणजे हवेची दिशा तीच राहील. अडचण कूलरच्या तळात किंवा वरच्या पेस्टीत असती तर गरम जागा सरकून पलीकडच्या कोरांवर गेली असती. निकाल: ४६, ५१, ४८, ५८, ५०, ४५. कोर ३ तिथेच.

गरम कोर जागा बदलतो तेव्हा दोष झाकणाच्या वर. जागा बदलत नाही तेव्हा दोष झाकणाच्या आत. प्रोसेसर उघडण्याचा निर्णय याशिवाय घेऊ नये.

७ एप्रिल, रविवार

स्टुडिओच्या काकांनी विचारलं, एवढी उस्तवार करण्यापेक्षा पाण्याचा रेडिएटर बसवला तर? त्यांना सांगितलं: काका, तो सहाही कोरांना सारखाच उतरवेल. कोर ३ बाकीच्यांच्या वर आहे तेवढाच वर राहील, आणि पैसे जातील ते वेगळेच.

आता हिशेब, म्हणजे उघडून काय मिळणार ते आधीच कळेल. ८७००के मध्ये डाय आणि झाकण यांच्यात सोल्डर नाही, पेस्ट आहे. डायचं क्षेत्रफळ सुमारे १५० चौरस मिमी. पेस्टची वाहकता दर मीटर-केल्व्हिनला ५ वॅट धरली आणि थर ०.१ मिमी, तर अडथळा येतो वॅटमागे ०.१३ अंश. १३० वॅटला एवढ्याशा थरातच १७ अंश गेले. थराची जाडी एका कोपऱ्यात ०.०५ मिमीनं वाढली की त्या कोपऱ्यावर आणखी आठ-नऊ अंश चढतात. कोर ३ त्याच्या पाठोपाठच्या कोरापेक्षा आठ-नऊ अंशच वर आहे. कोरांच्या भागात उष्णता डायच्या सरासरीहून दाट असते, त्यामुळे इतक्या फरकाला प्रत्यक्षात ०.०५ मिमीहून कमी तिरकेपणाही पुरे.

तोच ०.१ मिमीचा थर लिक्विड मेटलचा (नेहमीच्या तापमानाला पातळ राहणाऱ्या धातूचा) असेल, वाहकता सत्तरच्या आसपास, तर १३० वॅटला जेमतेम सव्वा अंश. म्हणजे थर कमीजास्त झाला तरी तापमानात तो दिसणार नाही. सरासरी उतरते हा वरचा लाभ. असमानतेवर खरा इलाज हा.

८ एप्रिल, सोमवार

डिलिड, म्हणजे प्रोसेसरचं झाकण काढणं. ब्लेडनं कापायची जुनी पद्धत या पातळ पाटीवर करू नये; ब्लेड पाटीच्या थरात शिरलं की आतले तार तुटतात आणि प्रोसेसर गेला. अ‍ॅल्युमिनियमचं डिलिडचं साधन वापरलं. त्यात पाटी एका खाचेत अडकते आणि स्क्रू झाकणाला आडवं ढकलतो.

सुरुवातीला झाकणाच्या एका कोपऱ्यावर आणि पाटीवर मार्करनं खूण, परत बसवताना दिशा चुकू नये म्हणून. हेअर ड्रायरनं दोनेक मिनिटं ऊब दिली, झाकण चिकटवणारं सिलिकॉन मऊ पडतं. मग स्क्रू अर्धा अर्धा वेढा. ‘टक्’ असा आवाज येऊन झाकण मिलिमीटरभर सरकलं की थांबायचं, बाकीचं हातानं सुटतं. पुढे ढकलत राहिलं तर झाकणाची कड डायशेजारच्या उघड्या बिंदूंवर घासते.

आत अपेक्षेप्रमाणे: पेस्ट कोरडी, एका कोपऱ्यात दाट आणि तडकलेली. काळ्या सिलिकॉनची पट्टीही त्याच बाजूला जाड. झाकण त्या बाजूनं उचललेलं राहिलं होतं, तेवढी पोकळी पेस्टनं भरली.

जुनं सिलिकॉन मुदत संपलेल्या एटीएम कार्डाच्या कडेनं खरवडलं, पाटी आणि झाकण दोन्हींवरून, बोट फिरवलं तर काही लागू नये इतकं. इथे घाई केली तर पुन्हा झाकण तिरकं बसतं आणि सगळी मेहनत पाण्यात. डायवर फक्त अल्कोहोल आणि मऊ कापड.

डायशेजारच्या उघड्या संपर्कबिंदूंवर पारदर्शक नेलपॉलिशचे दोन हात, मधे वीस मिनिटं. लिक्विड मेटलमधून वीज वाहते, एक थेंब चुकीच्या जागी गेला तर शॉर्ट. दुसरी गोष्ट, त्यातलं गॅलियम अ‍ॅल्युमिनियम खातं. हातातलं साधन अ‍ॅल्युमिनियमचंच आहे, म्हणून मेटल लावायचं काम साधनापासून दूर, वेगळ्या कागदावर. झाकण निकेलचा मुलामा दिलेल्या तांब्याचं असल्यानं त्याला धोका नाही, नुसता डाग पडतो.

डायवर मोहरीएवढा थेंब. सिरिंजचा दट्ट्या दाबताना ती डायवर धरायची नाही. कागदावर आधी एक थेंब काढायचा, कारण पहिला थेंब पुष्कळदा एकदम उसळून मोठा येतो. कापसाच्या काडीनं घासत पसरवलं. सुरुवातीला ते गोळा होऊन पळतं, चिकटत नाही. तसंच घासत राहिलं की एकाएकी पकडतं आणि आरशासारखा थर बसतो. झाकणाच्या आतल्या बाजूलाही डायच्या आकाराचा तसाच पातळ थर. दोन्ही बाजूंना लावल्याशिवाय भागत नाही, कोरड्या तांब्यावर मेटल आपण होऊन पसरत नाही. काठावर फुगवटा दिसला तर सिरिंजनं परत ओढून घ्यायचा.

चिकटवण्याआधी झाकण नुसतं ठेवून, दाबून, सरळ वर उचलून पाहिलं. दोन्हीकडचे ठसे चारही कोपऱ्यांपर्यंत पोचलेले. आता सिलिकॉन: सियागंजातून आणलेलं न्यूट्रल क्युअर आरटीव्ही. सुकताना व्हिनेगरचा वास येतो ते घ्यायचं नाही, त्यातून निघणारं आम्ल तांबं खातं. पूर्ण पट्टी न ओढता चार कोपऱ्यांवर चार बारीक ठिपके. ठिपका जेवढा कमी, तेवढं झाकण डायजवळ. शिवाय आतली हवा तापून फुगली की तिला बाहेर पडायला वाट राहते. साधन पुसून त्यातच चिमटून ठेवलं. सॉकेटमध्ये ठेवून दाबण्याचीही रीत आहे, पण सॉकेटची कडी बंद करताना तिची पकड झाकणाला पुढे सरकवते.

९ एप्रिल, मंगळवार

पाडवा. काम बंद. आरटीव्ही हवेतल्या ओलाव्यानं पक्कं होतं आणि या दिवसांत इंदुरात दुपारी हवा कोरडी ठणठणीत असते. पाकिटावरचे चोवीस तास इथे पुरत नाहीत. डब्यात साधनाशेजारी ओल्या फडक्याची वाटी ठेवून झाकण लावलं, अट्ठेचाळीस तासांसाठी.

११ एप्रिल, गुरुवार

जोडणी. वरच्या बाजूला तीच साधी पेस्ट, तीच मात्रा, तेच पाव-पाव वेढे. फरक फक्त आतला असावा म्हणून. ४.८ गिगाहर्ट्झ, १.२९६ व्होल्ट, १२०० फेरे.

खोली ३२. कोर ० ते ५: ३५, ३८, ३६, ३९, ३७, ३४. फरक ५. पॅकेज १३२ वॅट.

सरासरी १३ अंशांनी उतरली, कोर ३ एकटा १९-२० नं. वॅटही सहानं घटले. व्होल्टेज, घड्याळ तेच असताना हे कसं? थंड चिपमधून विजेची गळती कमी होते. तापमान उतरवलं की उष्णताच कमी तयार होते, हा बोनस हिशेबात आधी धरलेला नव्हता.

उरलेल्या ५ अंशांच्या मागे लागायचं नाही. ते डायच्या नकाशातले आहेत.

१३ एप्रिल, शनिवार

जागा मिळाली, आता घड्याळ. ४.९ ला १.२९६ वर मशीन बंद पडत नाही, पण विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये व्हिया-लॉगरची (हार्डवेअरच्या चुका टिपणाऱ्या भागाची) १९ क्रमांकाची नोंद येत राहते. ही दुरुस्त झालेली चूक असते, पडद्यावर काही दिसत नाही. तरी तिला स्थिर म्हणू नये. १.३१२ ला नोंदी थांबल्या. १३८ वॅट, कोर ३७ ते ४२ अंशांमध्ये.

५.० साठी १.३७६ लागले. व्होल्टेजच्या वर्गानं उष्णता वाढते, त्यात घड्याळ: पॅकेज १५८ वॅटवर गेलं. १०० मेगाहर्ट्झसाठी वीस वॅट. रोज तासन् तास एक्स्पोर्ट करणाऱ्या मशीनसाठी हा सौदा तोट्याचा, मग आकडा कितीही देखणा असो. ४.९ वर थांबलो. लोड लाइन (भाराखाली घसरणारं व्होल्टेज सावरणारं सेटिंग) मधल्या पायरीवर. एव्हीएक्स ऑफसेट २, म्हणजे तसल्या भाराला ४.७. रिंग, म्हणजे कोरांना जोडणाऱ्या वाहिनीचं घड्याळ, ४.४.

२० मे, सोमवार

ऐन उन्हाळ्यातली तपासणी. खोली ३९, पंखे १२०० वर बांधलेलेच. पॅकेज १४१ वॅट, कोर ३८ ते ४३. सगळ्यात गरम कोर ८२ अंश. फरक ५, तिळमात्र हललेला नाही. एप्रिलपेक्षा तीन वॅट वाढले ते पुन्हा गळतीचे, त्यामुळे खोली वजा केली तरी दुपारचे आकडे अंशभर वर येतात.

काकांनी खोलीत पाण्याचा कूलर लावलाय आणि त्याचा झोत थेट कॅबिनेटच्या जाळीवर येत होता. मशीनला थंडावा मिळतो खरा, पण बोअरिंगच्या पाण्याचे बारीक तुषार आत जातात, क्षार फिनवर आणि मदरबोर्डवर बसतात, आणि वाळ्याचा भुगा जाळीत अडकतो. कॅबिनेट झोताच्या रेषेतून बाजूला सरकवलं. खोली गार होतेय तेवढं पुरे.

पंखे परत कर्व्हवर: ६० अंशांपर्यंत ८००, ८० ला १३००. कॅबिनेटच्या आतल्या बाजूला कागद चिकटवला: १३८ वॅट, ४.९, १.३१२, फरक ५. पुढे कधी सगळे कोर सारखे चढले तर आधी जाळी, मग वरची पेस्ट. फरक ८ च्या वर गेला तर कूलर फिरवून पाहायचा, आणि गरम कोर जागचा हलला नाही तरच झाकण.